हवेचे ओझे आणि पाण्याची वाट

२०१६ सालच्या एप्रिल महिन्यात आम्ही लातूरला मुलाच्या घरी मुक्कामास होतो. त्या उन्हाळ्यात लातूरमध्ये पाण्याखेरीज सर्व काही मिळत होते. शहराला पाणी पुरविणारे धनेगावचे मांजरा धरण तळाला गेले होते. नळांच्या तोट्या हवेचा सुस्कारा टाकण्यापुरत्याच उरल्या होत्या. पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून तेथे जमावबंदीचा हुकूम लागला होता आणि गल्लीत टँकर कधी येणार यावर घराघराचे वेळापत्रक ठरत होते. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी लातूर स्थानकात आली. तिला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. लोकांनी फलाटावर नारळ फोडल्याचे आम्ही वाचले. लातूरकरांच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आले होते, हे मात्र स्वतः पाहिले.

अशा दिवसांत आमच्या मुलाच्या बैठकीच्या खोलीत माशांची एक काचपेटी होती, हे सांगताना आजही थोडा संकोच वाटतो. साठ लिटरांची पेटी, त्यात दोन सोनमासे आणि मूठभर गप्पी. नातवाच्या वाढदिवसाला दोन वर्षांपूर्वी आणलेली. घरात त्यावर रोज वाद होई. सूनबाईंचे म्हणणे असे, की शेजारच्या घरात लेकरांना आंघोळीला तांब्याभर पाणी मिळत नाही आणि आपण मासे पोसतो, हे बरे दिसत नाही. नातवाचे म्हणणे असे, की माशांनी काय पाप केले? दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, म्हणून आम्ही निमूटपणे वर्तमानपत्र वाचीत असू.

वाद मिटविण्याचे काम एका रात्री भारनियमनाने केले. पेटीत हवा सोडणारा छोटा पंप आम्हीच जागा मोकळी करावी म्हणून वरच्या फळीवरून काढून खाली जमिनीजवळ ठेवला होता. रात्री वीज गेली. पहाटे उठलो तो पायाखाली चिखल. हवेच्या बारीक नळीतून पेटीतले पाणी रात्रभर उलट्या वाटेने खाली उतरले होते आणि मासे चार बोटे पाण्यात आडवे होऊन तडफडत होते. चाळीसेक लिटर पाणी फरशीवर! शेजारच्या मावशी दारात आल्या, त्यांनी खाली पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "सर, सांडलं म्हणून बसू नका. पुसून बादलीत पिळा. तेवढंच संडासला हुईल." आम्ही गुडघ्यांवर बसून फरशी पिळली.

दुपारी नातवाने विचारले, "आजोबा, वीज गेली तर पंप बंद पडला. मग पाणी कुणी ओढलं?" आम्ही तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविले आहे. उत्तर जिभेवर तयार होते. "हवेच्या दाबाने ढकलले. पेटीतल्या पाण्यावर हवा दाबते, म्हणून पाणी नळीत चढते आणि पलीकडे उतरते. त्याला वक्रनळी म्हणतात." नातवाने मान हलविली. पण चार दिवसांनी संध्याकाळी वळवाचे आभाळ भरून आले, तेव्हा तो म्हणाला, "आता हवेचा दाब कमी झाला असेल ना? मग आज पेटीतलं पाणी काढलं तर हळू येईल का?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते शोधताना आम्हांस जो इतिहास सापडला तो वाचकांपुढे ठेवावा, असे वाटते. त्यात मराठवाड्याचे पाणी आहे, आपल्या धर्मसंघांतील काही मठवासी आणि धर्मगुरू आहेत, आणि आमची स्वतःची तीस वर्षांची एक चूकही आहे.

वक्रनळी ही काही युरोपने आपल्याला दिलेली वस्तू नव्हे. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकात तिचे नाना प्रकार वर्णिले होते, हे खरे. पण आपल्या भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये पुरा केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणि' या ग्रंथाच्या यंत्राध्यायातही ती आहे. अंकुशासारखी वाकविलेली तांब्याची नळी पाण्याने भरावी, दोन्ही तोंडे बंद करावीत, एक तोंड पाण्याच्या भांड्यात आणि दुसरे बाहेर खाली ठेवून मग तोंडे मोकळी करावीत, म्हणजे भांड्यातले सारे पाणी बाहेर येते. कारागीर मंडळी या नळीला 'कुक्कुटनाडी' म्हणत. म्हणजे नाव पंडितांचे नसून कारागिरांचे होते आणि ती त्या काळीच रोजच्या हाताखालची वस्तू असली पाहिजे. भास्कराचार्य सह्याद्रीच्या परिसरातले. त्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. ते नळीची कृती सांगतात आणि तिच्या पाण्याने आपोआप फिरणारे चाक कसे करावे तेही सांगतात. पाणी असे का येते, हा प्रश्न मात्र ते विचारीत नाहीत. हेरॉनच्या काळापासून पुढे दीड हजार वर्षे युरोपातल्या पंडितांनी त्याचे एकच उत्तर दिले : निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे.

मराठवाड्यातले वक्रनळीचे नाव काढले, की जो तो औरंगाबादच्या पाणचक्कीकडे बोट दाखवितो. (२०२३ पासून त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे. जुन्या काळाविषयी बोलताना आम्ही जुनेच नाव वापरतो.) १६१० साली मलिक अंबर या निजामशाहीच्या हबशी वजिराने खडकी गाव वसविले आणि त्या दशकात उत्तरेकडील डोंगरातले झऱ्याचे पाणी भूमिगत मार्गाने शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. लहानपणी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसाने एका कोरड्या पठारावर राजधानी उभी केली आणि तिला पाणी पाजले, ही गोष्ट आमच्या मते त्याच्या लढायांहून मोठी आहे. याच दशकात, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात छापून निघाले. दोन परदेशी माणसे एकाच वेळी मराठी मुलखात, एक पाण्याची आणि एक शब्दांची वाट बांधीत होती.

पाणचक्की ही त्यानंतरची, सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या काळातली. बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. काही किलोमीटरांवरील जटवाड्याकडच्या डोंगराळ भागातून मातीच्या नळांतून येणारे पाणी तेथे एका उंच भिंतीवर चढते, वरून धबधब्यासारखे खाली हौदात पडते आणि त्याच्या जोरावर पीठ दळण्याचे जाते फिरते. यात्रेकरू, फकीर आणि फौजेतले शिपाई यांच्यासाठी तेथे धान्य दळले जाई. हौदात मासे आहेत. आम्ही शाळेची सहल घेऊन अनेकदा तेथे गेलो आणि प्रत्येक वेळी मुले जात्याकडे पाठ फिरवून माशांना चुरमुरे टाकीत उभी राहिली. विचार केला तर मराठवाड्यातले सर्वांत जुने मत्स्यालय तेच म्हणता येईल. पाणी आत येण्याची, गाळ बसण्याची आणि बाहेर जाण्याची सारी सोय विजेशिवाय केलेले मत्स्यालय.

वाटाडे सांगतात, की पाणी हवेच्या दाबाने, 'सायफन'ने, भिंतीवर चढते. आम्हीही मुलांना तेच सांगत आलो. पण जरा थांबून पाहिले तर तेथील नळ वक्रनळीच्या उलट आहे. वक्रनळी आधी वर जाते आणि मग खाली येते. येथे नळ आधी डोंगरावरून खाली उतरतो, मैदानातून जातो आणि मग वर चढतो. उगम उंचावर आहे, म्हणून पाणी तेवढ्या उंचीकडे परत जाऊ पाहते, एवढेच. चहाच्या किटलीत चहाची पातळी तोटीतही तेवढीच राहते, तोच हा न्याय. उगमावरही हवा दाबते आणि भिंतीच्या माथ्यावरही दाबते. दोन्हीकडचे ओझे सारखे, म्हणून हिशेबातून ते वजा होते. हवा तेथे त्रास देते ती वेगळ्या रूपाने. नळाच्या उंचवट्यांत पाण्यातून सुटलेली हवा साठते, तिचा बुडबुडा आडवा बसतो आणि वाहणे थांबते. औरंगाबादच्या नहरींच्या मार्गावर मधून मधून चुनेगच्ची मनोरे उभारलेले आहेत. त्यांत पाणी वर चढून माथ्यावर उघडे होते आणि पुन्हा खाली उतरते. अडकलेली हवा तेथे निसटते, गाळ तेथे निवळतो आणि नळांवरचा ताणही सैल पडतो. मातीचे नळ फुटू नयेत म्हणून हे आवश्यकच होते. हवेला मोकळी वाट द्यावी, हे त्या गवंड्यांना कळले होते, मग हवेला वजन असते हे त्यांना ठाऊक असो वा नसो.

हवेला वजन असते हे ज्यांनी शोधले, त्यांची गोष्टही पाणी वाहून नेण्याच्या अडचणीपासूनच सुरू होते. १६३० साली इटलीतील जिनोव्हा येथील जोव्हान्नी बात्तिस्ता बालियानी नावाच्या विद्वान सरदाराने गॅलिलिओला पत्र लिहिले. सुमारे एकवीस मीटर उंचीच्या टेकडीवरून तांब्याच्या वक्रनळीने पाणी पलीकडे न्यायचे होते. नळी नीट भरली, तोंडे उघडली, तर पाणी पलीकडे जाण्याऐवजी निम्म्यावर येऊन थांबे. असे का? गॅलिलिओने उत्तर दिले, की दोर जसा फार लांब झाला की स्वतःच्या वजनाने तुटतो तसा पाण्याचा स्तंभही तुटतो. बालियानीने उलट लिहिले, की कदाचित हवेलाच वजन असावे आणि ते वजन एवढेच पाणी तोलून धरीत असावे. येथे चेल्याने गुरूला मागे टाकले, असे म्हणावेसे वाटते. परंतु बालियानी चेला नव्हता आणि गॅलिलिओने ते मानलेही नाही. १६३३ च्या खटल्यानंतर नजरकैदेत लिहिलेल्या आणि १६३८ साली हॉलंडमधील लायडन येथे छापलेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथातही त्याने दोराचाच दृष्टान्त ठेवला. त्या खटल्याविषयी आपल्या घरांत अजूनही हळू आवाजात बोलले जाते. येथे एवढेच नोंदवितो, की त्या ग्रंथाने उभा केलेला प्रश्न पुढे ज्यांनी हाती घेतला त्यांत बरेच जण धर्मसंघांतले होते.

१६४० च्या सुमारास रोममध्ये गास्पारो बेर्ती याने आपल्या घराच्या भिंतीला सुमारे अकरा मीटर लांबीचा शिशाचा नळ उभा केला, पाण्याने भरला, वरचे तोंड बंद करून खालचे उघडले. पाणी थोडे उतरले आणि दहा मीटरांच्या आसपास थांबले. वर जागा रिकामी राहिली. पाहायला येशूसंघीय आथानासिउस किर्खर आणि निकोलो त्सुक्की हे धर्मगुरू होते, मिनिम संघाचे एमान्युएल मेन्याँ होते. ही वरची जागा खरोखर रिकामी आहे काय, यावर वाद पेटला. पोकळीत आवाज जाणार नाही, म्हणून आत घंटा बसवून पाहावी, अशी युक्ती किर्खर यांनी काढली. घंटा वाजली आणि ऐकूही आली! झाले, पोकळी नाही हे सिद्ध झाले, असे त्यांना वाटले. घंटेचा नाद तिच्या आधारातून, नळाच्या धातूतून बाहेर येत होता, हे त्या वेळी ध्यानात आले नाही. प्रयोग उत्तम, निष्कर्ष चुकीचा. शाळामास्तराला या प्रसंगाविषयी सहानुभूती वाटल्यावाचून राहत नाही.

एव्हांजेलिस्ता तोरिचेल्ली हा फाएन्झाच्या येशूसंघीय विद्यालयात शिकलेला मुलगा. रोममध्ये त्याचे गुरू होते बेनेडिक्ट संघाचे मठवासी बेनेदेत्तो कास्तेल्ली. ते स्वतः गॅलिलिओचे शिष्य होते आणि वाहत्या पाण्याचे मोजमाप कसे करावे यावर त्यांनी १६२८ साली लिहिलेला ग्रंथ त्या विद्येचा पाया मानला जातो. तोरिचेल्लीने पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून अकरा मीटरांच्या नळाचे काम हातभर काचनळीत होते. ११ जून १६४४ रोजी त्याने आपला मित्र मिकेलांजेलो रिच्ची याला पत्राने कळविले, की नळीच्या आत काही ओढणारे नाही. बाहेरची हवाच ढकलते. आपण सारे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि त्या समुद्राचे वजन आपल्यावर आहे. हे पत्र ज्याला लिहिले तो रिच्ची पुढे कार्डिनल झाला.

त्याच १६४४ साली तोरिचेल्लीचा जो ग्रंथ छापला गेला त्यात दुसरा एक नियम आहे. भांड्याला खाली भोक पाडले तर पाणी किती वेगाने बाहेर पडेल, हे भोकाच्या वर पाणी किती उंच आहे यावर ठरते. उंची चौपट केली तर वेग दुप्पट होतो. आमच्या नातवाच्या प्रश्नाचे उत्तर या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की मिळते. वक्रनळीतून पाणी किती वेगाने येईल हे पेटीतील पाण्याची पातळी आणि नळीचे खालचे टोक यांतील अंतरावर ठरते. हवेचा दाब ठरवितो ते एवढेच, की नळीचा बाक पाण्याच्या वर किती उंच नेता येईल. त्या उंचीपलीकडे पाण्याचा स्तंभ माथ्यावर तुटतो. बालियानीची टेकडी म्हणूनच आडवी आली.

फ्रान्समध्ये ही बातमी नेण्याचे काम मिनिम संघाचे मारँ मर्सेन यांनी केले. त्या काळी विज्ञानाची नियतकालिके नव्हती. पॅरिसमधील मर्सेन यांची खोली हेच नियतकालिक होते आणि त्यांचा पत्रव्यवहार ही त्याची वर्गणी. ब्लेझ पास्कल तेव्हा ऐन पंचविशीत होता. त्याने रूआँ शहरात जहाजाच्या डोलकाठीला चाळीस-पंचेचाळीस फुटांच्या काचनळ्या बांधून एकीत पाणी आणि दुसरीत तांबडा द्राक्षारस भरला होता. द्राक्षारस हलका, म्हणून तो जास्त उंच राहिला. पण पास्कलला पाहिजे होती ती निर्णायक कसोटी. हवा जर समुद्रासारखी असेल तर डोंगरावर तिची खोली कमी, म्हणून पारा तेथे खाली यायला हवा. पास्कल प्रकृतीने अधू. त्याने आपल्या बहिणीचे यजमान फ्लोराँ पेरिये यांना विनंती केली.

१९ सप्टेंबर १६४८ हा शनिवार होता. सकाळी क्लेरमाँ गावातील मिनिम मठाच्या बागेत मंडळी जमली. त्यांत मठातले बानिये हे धर्मगुरू होते, महामंदिराचे एक कॅनन होते, सरकारी न्यायाधीश होते, एक वैद्य होते. दोन नळ्यांत सारखाच पारा भरला आणि दोहोंत तो सारख्याच उंचीवर उभा राहिला. मग एक नळी बागेतच ठेवली आणि दुसरी घेऊन मंडळी सुमारे हजार मीटर उंच प्युय द दोमच्या माथ्यावर गेली. तेथे पारा तीन इंचांहून थोडा अधिक खाली आलेला दिसला. सर्व जण इतके थक्क झाले, की त्यांनी देवळाच्या आत, बाहेर, वाऱ्यात, धुक्यात असे तेच माप पाच वेळा घेतले.

आम्हांस मात्र या हकिगतीत डोंगर चढलेल्यांपेक्षा खाली राहिलेला माणूस अधिक जवळचा वाटतो. फादर शास्तँ हे त्या मठातले धर्मगुरू दिवसभर बागेत एकटे बसून दुसऱ्या नळीकडे पाहत होते. हवा कधी निरभ्र, कधी ढगाळ, कधी वारा, कधी पाऊस. पारा हलला नाही, एवढीच त्यांची नोंद. पण ती नोंद नसती तर वरचा फरक डोंगरामुळे पडला की हवामानामुळे, हे कुणाला सांगता आले नसते. मर्सेन यांनीही असा प्रयोग व्हावा अशी इच्छा धरली होती. ते त्याच महिन्याच्या १ तारखेला देवाघरी गेले. अठरा दिवसांचा फरक पडला.

लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटरांवर आणि नांदेड सुमारे ३६० मीटरांवर आहे. आम्हांस मे महिन्यात नांदेडला एका नातेवाइकांकडे जायचेच होते. आम्ही ती हवेची नळी, दहा लिटरांची एक बादली आणि नातवाला बरोबर घेतले. लातूरला घरच्या स्टुलावर बादली ठेवून ती नळीने किती वेळात रिकामी होते ते घड्याळावर तीनदा मोजले होते, एकदा आभाळ भरून आलेले असताना. प्रत्येक वेळी तेच पाणी पुन्हा वापरले, हे सांगावयास नकोच. नांदेडला तेवढ्याच उंचीच्या स्टुलावर पुन्हा मोजले. नातवाच्या बोटाच्या चपळाईमुळे पडलेल्या दोनचार सेकंदांखेरीज काही फरक निघाला नाही. प्युय द दोमच्या मानाने आमची स्वारी फारच बेताची होती, हे कबूल. शिवाय बस नांदेडकडे उतरते, चढत नाही.

कारण उघड आहे. बादलीतील पाण्यावर हवा दाबते तशीच नळीच्या खालच्या तोंडावरही दाबते. बारकाईने पाहिले तर खालच्या तोंडाशी ती केसभर अधिकच दाबते, म्हणजे झालाच तर विरोध करते. पाणी ओढते ते नळीच्या लांब बाजूतील पाण्याचे जादा वजन. हवा बाहेरून दाबून स्तंभ सांधून ठेवते, तो तुटू देत नाही. आम्ही तीस वर्षे वर्गात 'हवा ढकलते म्हणून वक्रनळी चालते' असे सांगितले आणि मुलांनी ते परीक्षेत लिहून गुणही मिळविले. थोडे समाधान एवढेच, की आमची संगत मोठी होती. ऑक्सफर्डच्या थोर इंग्रजी शब्दकोशात १९११ पासून हीच चूक होती आणि ती २०१० साली ऑस्ट्रेलियातील स्टीफन ह्यूज या भौतिकीच्या प्राध्यापकाने दाखवून दिली. पुढे २०१४ साली त्यांनी दीड मीटर उंचीची वक्रनळी हवा काढून घेता येणाऱ्या बंद खोलीत चालवून पाहिली. दाब कमी करीत नेला तरी पाण्याचा वेग जवळजवळ तसाच राहिला. बारा किलोमीटर उंचीवर असतो एवढा दाब उरला तेव्हा कोठे बाकात स्तंभ तुटला. आणि पाण्यात विरघळलेली हवा आधी काढून टाकली तर पाणी स्वतःच्या चिकटपणाने दहा मीटरांची मर्यादाही ओलांडते. अशी पंधरा मीटरांची वक्रनळी चालल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे गॅलिलिओचा दोर अगदीच टाकाऊ नव्हता!

मग हवेच्या दाबाचा आपल्याशी काहीच संबंध नाही काय? विहिरीवर जाऊन पाहावे. समुद्रसपाटीला, समजा वसईच्या एखाद्या वाडीत, हवा १०.३ मीटर पाणी तोलते. नांदेडला ९.९ आणि लातूरला ९.६. हा हिशेब पोकळी पूर्ण असेल तर. प्रत्यक्षात विहिरीवर बसविलेली मोटार वीस-बावीस फुटांपलीकडे पाणी ओढू शकत नाही. मराठवाड्यात दर दुष्काळात पाणी खाली गेले, की शेतकरी विहिरीच्या पोटात कोनाडा खणून मोटार खाली उतरवीत आले आहेत. नळाच्या टोकाच्या झडपेला तेथे सरसकट 'फुटबॉल' म्हणतात. फुटबॉल गळला, की नळातले पाणी खाली जाते, मोटार 'हवा धरते' आणि मग तिच्या तोंडात तांब्याने पाणी ओतीत बसावे लागते. कितीही अश्वशक्तीची मोटार आणली तरी वरून ओढण्याची हद्द तीच, कारण ओढणारी मोटार नसून ढकलणारी हवा आहे. शेकडो फूट खोल कूपनलिकांत पाणबुडी मोटार उतरविली ती म्हणूनच. ती खालून ढकलते, आणि ढकलण्याला अशी हद्द नाही. हद्द नाही म्हणूनच लातूरचे भूजल एवढे खोल गेले, असेही एक शेतकरी आम्हांस म्हणाले. जुन्या मोटारीला हवेने घातलेली वेस होती. ती मोडल्यावर कुणीच थांबले नाही.

बंद भांडे रिकामे करतानाही हवेचा संबंध येतो. तेलाच्या डब्याला आपण दोन भोके पाडतो, एक तेलाला आणि एक हवेला. टँकरवाला खालची तोटी सोडण्याआधी वर चढून झाकण उघडतो. न उघडले तर पाणी गचके देत येते, थांबते, आणि पंपाने जोरात उपसले तर लोखंडी टाकीलाही पोचे पडतात. आमच्या गल्लीत त्या वैशाखात टँकर आला की पोरे आधी 'झाकण, झाकण' म्हणून ओरडत. टँकरवाल्याचा एक मिनिट वाचे आणि रांगेतील बायांचा एक शिवीगाळीचा प्रसंग टळे.

माशांच्या पेटीत हवेचा दाब खरा कोठे लागतो, तर पाण्यात विरघळणाऱ्या प्राणवायूत. ३० अंश उष्णतेच्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. लातूरला सातच्या आसपास. पण २० अंशांच्या पाण्यात तो नऊ मावतो, म्हणजे उंचीपेक्षा मराठवाड्याचे ऊनच माशांना अधिक बाधते. गाळणीचेही तसेच. पेटीतल्या स्पंजाच्या गाळणीत बुडबुडे वर जाताना पाणी बरोबर नेतात. पंपाला जिंकावे लागते ते फक्त हातभर पाण्याचे वजन. बाहेरची हवा दोन्ही बाजूंना सारखी असल्याने आभाळ आले काय आणि गेले काय, गाळणीला कळत नाही. आपल्या भागात हवेचा दाब रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि मध्ये उतरतो. हा चढउतार पाण्याच्या भाषेत तीनएक सेंटिमीटरांचा. गाळणी बंद पडते ती वीज गेल्याने. स्पंजात राहणारे जे सूक्ष्म जीव माशांच्या मलातील अमोनियाचे विष उतरवितात, ते वाहते पाणी थांबले की काही तासांत गुदमरू लागतात. त्या रात्री मासे पाणी गेल्याने तडफडत होते, पण पाणी राहिले असते तरी फार वेळ सुखात नसते.

मासे आम्ही नांदेडच्या त्या नातेवाइकांकडेच ठेवून आलो. बादली जाताना माशांसाठी आणि तेथे प्रयोगासाठी अशी दुहेरी कामास आली. बसमध्ये वाहकाने अर्धे तिकीट मागितले नाही, याचे नातवाला नवल वाटले. एक सोनमासा पुढे तीन वर्षे जगला. काचपेटी रिकामी झाल्यावर सूनबाईंनी ती धुऊन टँकरचे पाणी निवळविण्यास वापरली. तळाला गाळ बसला की वरचे पाणी हलके काढून घ्यायचे, ढवळू द्यायचे नाही. त्यासाठी तीच बारीक नळी. हे काम नातवाकडे होते. शेजारच्या मावशींचा ड्रमही तो तसाच निवळून देई, आणि नळीचे बाहेरचे टोक पाण्याच्या पातळीपेक्षा किती खाली धरले की भांडे लवकर भरते, हे त्यांना समजावून सांगे. मावशी म्हणत, "हे मला ठावं हाय रे लेका. आमच्या आबांनी डिझेलच्या पिपातून काढताना कधी आभाळाकडं बघितलं न्हाई."